घरात न म्हणायचे शब्द

माझा धंदा विचाराल तर दहा वर्षांच्या मुलांकडून इंग्रजी विशेषणं पाठ करून घेणं. इंग्रजी शिकवत होते असं मी कधी सांगत नाही. इंग्रजी शाळेत शिकवतात, निदान शिकवतो असं म्हणतात. मी फक्त विशेषणं शिकवली, त्यातही एकाच अर्थाची चार-चार, आणि तीही एका परीक्षेपुरती. दूर डोंगरात एक निवासी शाळा आहे. सहावीला मुलं घेतात आणि बारावीपर्यंत राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं तेच बघतात. वयाची अट अशी की परीक्षेला जन्मात एकदाच बसता येतं. आमच्या तंजावूरची पोरं गणितात कोणाला ऐकत नाहीत, पण इंग्रजीच्या पेपरात एका शब्दाखाली रेघ मारून चार पर्याय दिलेले असले की भलीभली माती खातात. त्यांनी माती खाऊ नये म्हणून आईबाप त्यांना माझ्याकडे आणून सोडत.

मी तंजावूरची मराठी. आमच्या घरी बोलतात ती मराठी तुम्हाला आजीच्या ट्रंकेतल्या लुगड्यासारखी वाटेल, आणि तिला तमिळची किनार आहे. देवनागरी मी चाळिशीनंतर शिकले. हा लेख मी लिहिला आणि माझ्या भाचसुनेनं, जी पुण्याची आहे, तो तुमच्या वळणाचा करून दिला. माणसांचं बोलणं मात्र जसं होतं तसं राहू दे असं मी तिला बजावलं आहे. तिनं कपाळाला हात लावला, पण ऐकलं.

शिकवण्याची माझी एक रीत होती आणि तिचा मला फार अभिमान होता. शब्दांचा एक गट, त्यात चार शब्द. ब्रेव्ह, करेजस, फिअरलेस, गॅलंट. नुसते पाठ केले तर चार दिवसांत उडून जातात. म्हणून प्रत्येक गटाला मी एक माणूस लावून द्यायची, मुलांच्या ओळखीचा किंवा माझ्या. शूर म्हटलं की आमच्या गल्लीतली दूधवाली, जिनं पिसाळलेल्या कुत्र्याला चरवीनं हाकललं. कंजूष म्हटलं की कोण, ते मी आता सांगत नाही, त्यांची मुलं हयात आहेत. नावं वहीत लिहायची नाहीत, डोक्यात ठेवायची, हा नियम. माझ्या स्वतःच्या रजिस्टरात तेवढी ती लिहिलेली असत.

दुसरा नियम असा की घरी जाऊन रोज दिवेलागणीला, देवापुढं दिवा लागला की, दिवसाचे गट मोठ्यानं म्हणायचे, प्रत्येक गट चार वेळा. तोंडानं म्हटल्याशिवाय शब्द आपला होत नाही. आणि घरातल्या मोठ्यानं ऐकून वहीत खाली सही करायची. एका संगीतमास्तरांचा मुलगा जवळच्या तिरुवैयारू गावाहून यायचा, तो गट तालात म्हणायचा. परीक्षेत मांडीवर ताल धरल्याशिवाय त्याला एक शब्द आठवेना, आणि सुपरवायझर बाई येऊन त्याचा हात धरून उभ्या राहिल्या. तरी तो पास झाला, दुसऱ्या हातानं ताल धरून. असली मंडळी माझ्याकडे पुष्कळ येऊन गेली आणि मला वाटायचं, आता आपल्याला धक्का बसेल असं काही उरलेलं नाही. शिक्षकिणीला असं वाटायला लागलं की तिनं वर्ग बंद करावा. मी केला नाही, आणि तेव्हाच रुक्कू आली.

रुक्मिणी नाव, रुक्कू म्हणायचे. कीळवाशलजवळ, म्हणजे गावाच्या पूर्व वेशीपाशी, शिवणाचं दुकान असलेल्या सुंदररावांची मुलगी. आई पाच वर्षांपूर्वी गेलेली, घरात बाप आणि लेक दोघंच. सुंदरराव तिला घेऊन आले तेव्हा जरा जास्तच वाकून त्यांनी मला नमस्कार केला. मराठी माणूस आहे हे बोलल्यावर कळलं, पण इथं तसे आपले पुष्कळ आहेत.

"हिला तुमच्याकडंच घाला," ते म्हणाले. "दुसरीकडं नक्को."

"का हो? माझी एवढी कीर्ती?"

ते हसले आणि लेकीची वेणी नीट करू लागले. मुलगी चुणचुणीत. दोन दिवसांत मी ओळखलं की ही जाणार. वर्गात सगळी पोरं एका सुरात गट म्हणायची आणि त्या गलक्यात मला रुक्कूचा आवाज खणखणीत ऐकू यायचा. म्हणजे मला तसं वाटायचं.

दिवाळी झाली आणि मी पहिली सराव परीक्षा घेतली. खरी परीक्षा पोंगलनंतर, म्हणजे तुमच्या संक्रांतीनंतर, होती. रुक्कूचा पेपर हातात घेतला आणि मी चष्मा पुसला. जेवढे शब्द सोडवले होते तेवढे सगळे बरोबर, एकही चूक नाही. पण अर्धा पेपर कोरा. पुन्हा बघितलं. ग्लॅड, वाइज, जेंटल, ब्राइट, सगळं बरोबर. पुअर कोरं. सिक कोरं. क्रुएल, सॅड, अनलकी, वीक, सगळं कोरं. पोरीनं जगातलं सगळं चांगलं ओळखलं होतं आणि वाईटाला हातच लावला नव्हता.

"रुक्कू, वही आण."

तिनं वही आणली, पण द्यायला तयार होईना. मी ओढून घेतली आणि उघडली. वहीला खिडक्या पाडल्या होत्या. यादीचे जे छापील कागद मी मुलांना चिकटवायला द्यायची, त्यातले वाईट शब्द एकेक करून कात्रीनं कापून काढले होते. कापणी इतकी सफाईची की एक धागा इकडचा तिकडं नाही. पान उभं धरलं तर त्या भोकांतून पलीकडच्या रुक्कूचा चेहरा दिसत होता. आणि प्रत्येक पानाखाली सुंदररावांची सही. महिनाभर मी सही बघत होते आणि पान बघत नव्हते. हे कबूल करताना आजही मला माझाच राग येतो.

"कोणी कापलं हे?"

"अप्पांनी. ते शब्द घरात म्हणायचे नाहीत, टीचर. वास्तुपुरुष असतो ना घरात. तो ऐकतो आन तथास्तु म्हणतो."

आता हे मला कोणी नवीन सांगायला नको होतं. तिन्हीसांजेला वाईट बोलू नये, घराचा वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, हे माझी आई रोज म्हणायची आणि तिच्या हातची चापट मी त्यावरून खाल्ली आहे. तरी मी, मराठी घरातली बाई, वर्षानुवर्षं लोकांच्या पोरांना नेमकं दिवेलागणीला देवापुढं बसवून सिक, पुअर, रेचेड, मिझरेबल चार-चार वेळा म्हणायला लावत होते. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. इंग्रजी वास्तुपुरुषाला कळत नसेल असं मी धरून चालले असणार.

"मग इथं वर्गात तरी म्हणायचं होतंस," मी म्हणाले.

रुक्कूनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ढ आहे. "तुमचंबी घरच की हे, टीचर."

म्हणजे पोरगी माझ्या घराचं वाईट होऊ नये म्हणून वर्गात वाईट शब्दांना तोंड मिटून बसत होती. मी तिला कॉफी दिली, जी मी मुलांना कधी देत नाही, आणि ऑटो बोलावली.

सुंदररावांच्या दुकानात मी शिरले ती तावातावानं. पुढं दुकान, दोन मशिनं, दोरीवर शाळेच्या निळ्या विजारी लटकलेल्या. मागं एक खोली आणि स्वयंपाकघर. मी वही त्यांच्या मशिनावर आपटली.

"हे काय चालवलंय? पोरीला एकदाच बसता येतं परीक्षेला, ठाऊक हाय ना? अर्धे शब्द कापून काढलेत. वाईट शब्द म्हटले म्हणून कोणाचं वाईट होत नाही. इंग्रजी शब्द म्हणटले म्हणून कोणी मेलंय का आजवर?"

सुंदरराव उठले. घाईघाईनं, जणू मी चुलीतला निखारा आणून गादीवर टाकला होता. "घरात नक्को, टीचर. भायेर या. सांगतो."

पायात चप्पल घालून ते रस्त्यावर गेले. मी मागोमाग. स्कूटरी लावलेल्या होत्या त्यांच्यापलीकडे, घराचा उंबरा दिसणार नाही अशा बेतानं ते थांबले.

"तुम्ही मला ओळखलं नाही," ते म्हणाले. "मी सुंदर. तुमच्याकडं शिकलोय. चार आठवडे."

मी बघत राहिले. मिशा होत्या, केस पांढरे होत चालले होते. त्यातून दहा वर्षांचा मुलगा काढायला मला वेळ लागला. मग निघाला. पुढच्या बाकावर बसायचा, पेन्सिल चावायचा.

"तुम्ही सांगिटलं होतं तसं दिवा लागला की म्हणायला बसलो. माझे अप्पा मशिनावर. त्यांना इंग्लिश काय कळत नव्हतं, पण मोठ्यानं म्हण म्हणायचे, रस्त्यावर ऐकू जाऊ दे. त्या दिवशीचा गट होता डेड. डेड, डिसीस्ड, लाइफलेस, लेट. चार वेळा म्हणायचं तुमचा नियम. तीन वेळा म्हणटलो. चौथ्यांदा म्हणटलो आन मशीन थांबलं. मला वाटलं दोरा तुटला."

रस्त्यानं टाउनबस गेली. ते ती जाईपर्यंत थांबले.

"अप्पांचा पाय पायट्यावरच होता," ते म्हणाले. "आईनं माझी वही चुलीत घातली. परत तुमच्याकडं पाठवलं नाही. त्या मशिनावर मी बसलो, ते अजून बसलोय."

मी त्यांच्या दुकानात आत्ता काय ओरडून आले होते ते मला माझ्याच कानात ऐकू येत होतं. पण माझा स्वभाव वाईट. बोलायला काही सुचलं नाही की माझा तोल जातो आणि नको ते निघतं.

"आणि तुझी बायको गेली तेव्हा?" मी विचारलं. तुम्हीवरून तूवर कधी आले मलाच कळलं नाही. "तेव्हा घरात कोण इंग्रजी म्हणत होतं?"

"कोणी नाही, टीचर. न बोलावता आलं. बोलावलं तर किती येईल?"

 

आता एक गोष्ट मला तिथंच, रस्त्यावर, सांगायला हवी होती आणि मी सांगितली नाही. सुंदर यायचा बंद झाला तेव्हा मी रजिस्टरात त्याच्या नावावर रेघ मारली. घरी जाऊन चौकशी केली नाही. त्या काळात मला वाटायचं, जे पोरगं कष्टाला घाबरतं त्याच्या दारात टीचरनं का जावं? आणि पुढच्या वर्षी आळशी शब्दाला माणूस हवा होता. लेझी, आयडल, इंडोलंट, स्लॉथफुल. मी मुलांना सांगितलं, तो पळालेला सुंदर लक्षात ठेवा. चार आठवडे आला, कंटाळला, पळाला. मुलं हसली. गट छान बसला, म्हणून मग दर वर्षी तेच सांगत राहिले. पळालेला सुंदर माझा सगळ्यात भरवशाचा माणूस होता. त्याच्यामुळं आळशी शब्द कोणाचा कधी चुकला नाही.

रस्त्यावर मी एवढंच विचारलं, "मग हिला माझ्याकडं का आणलंत?"

"कारण मी त्या चार आठवड्यात शिकलो ते अजून येतं. दुसरं कायबी शिकलेलं येत नाही." मग म्हणाले, "तिला जायला पाहिजे, टीचर. ह्या मशिनावर ती नक्को. पण ते शब्द घरात नक्को. दोनी कसं करायचं ते मला कळलं नाही. म्हणून कापलं. अर्धं तरी येईल."

अर्ध्यानं प्रवेश मिळत नाही हे त्यांना मी सांगितलं. ते त्यांनाही माहीत होतं.

प्रश्न असा होता की वाईट शब्द म्हणायचे कुठं? घर नको. दुकान नको, तिथं लक्ष्मी. देवळाचं तर नावच काढू नका. शाळेत सरस्वती. नदीकाठ मी सुचवला तर सुंदरराव म्हणाले, कावेरी आई आहे, तिला कोण असलं ऐकवेल? रस्त्यावर उभं राहून म्हणायचं तर लोक दगड मारतील. आम्ही दोघं मोठी माणसं डोकं खाजवत बसलो आणि उत्तर दिलं रुक्कूनं.

"बसमध्ये. बसला वास्तुपुरुष नाही. असला तरी तो तथास्तु म्हणेपर्यंत बस पुढं गेलेली असेल."

सुंदररावांनी यावर बराच विचार केला. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणाले, शास्त्रात बसबद्दल काही लिहिलेलं माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा ठरलं. दर रविवारी आम्ही तिघं जुन्या स्टँडवर तिरुवैयारूची बस धरायचो, तिथं उतरून एकेक कॉफी घ्यायची आणि तशाच परत यायचो. खिडकीशी रुक्कू, मध्ये मी, आणि सुंदरराव मागच्या सीटवर, आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं. पहिल्या रविवारी ते कानात बोटं घालून बसले होते.

बस सुटली की रुक्कू सुरू करायची. आणि पहिल्याच दिवशी कळलं की पोरीला सगळं येत होतं. वर्गात तोंड मिटून बसलेली असायची तरी कान उघडे होते. महिनाभर आत दाबून ठेवलेलं ते सगळं तिनं घडाघडा बाहेर काढलं. सिक, इल, अनवेल, एलिंग. मिझरेबल, रेचेड, पिटिएबल, फॉर्लॉर्न. प्रत्येक गट चार वेळा, मोठ्यानं, माझ्या नियमानं. या रस्त्यावर चार-पाच नद्या लागतात. पूल आला की मागून सुंदरराव तिच्या खांद्याला बोट लावायचे आणि ती गप्प व्हायची, कारण नदी ऐकेल. पूल संपला की पुन्हा रेचेड. केळीच्या पानांची मोळी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं तमिळमध्ये विचारलं, मूल कोणतं स्तोत्र म्हणतंय? सुंदरराव म्हणाले, इंग्लिश स्तोत्र. बाईनं भक्तिभावानं हात जोडले.

दुसऱ्या रविवारी, परतीच्या वाटेवर, आळशी आला. माझ्या ध्यानात यायला हवं होतं की तो येणार. नाही आलं.

"लेझी, आयडल, इंडोलंट, स्लॉथफुल," रुक्कू म्हणाली, आणि मी शिकवलं होतं तसं माणूस जोडला. "पळालेला सुंदर."

चार वेळा म्हणायचं होतं. पोरगी बापासमोर चारही वेळा म्हणाली. पळालेला सुंदर, पळालेला सुंदर. तिला काय ठाऊक? तिच्यासाठी सुंदर म्हणजे कोणी कार्टं होतं, अप्पा नव्हते. मला थांब म्हणता येईना. मागं वळून बघायचं धैर्य मला झालं नाही, समोरच्या सीटच्या लोखंडी दांडीकडे मी बघत होते आणि पूल यावा म्हणून देवाची प्रार्थना करत होते. पूल आला नाही.

मागून आवाज आला. "कोण गं तो सुंदर?"

"टीचरांचा एक मुलगा होता. चार आठवडे आला आन कंटाळून पळाला. अस्क्या मुलांना माहीत हाय."

"अस्क्या मुलांना? सगळ्यांना?"

"हाव. दर वर्षी सांगतात."

स्टँडवर उतरल्यावर मी रुक्कूला पाण्याची बाटली आणायला पाठवलं. मला वाटलं होतं, आता ते मला बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

"खरंच पळालोच की, टीचर," ते म्हणाले. "तुम्हाला कसं कळावं?"

"विचारायला यायचं होतं मी. तेव्हा मी दोनच गल्ल्या सोडून राहत होते. आले नाही."

ते म्हणाले, "हाव. वाट बघिटली होती." एवढंच. मग रुक्कू आली आणि ते तिच्याशी बोलत निघून गेले.

आयुष्यात मला कोणी मारलेलं इतकं लागलं नाही. दोन गल्ल्या. त्याचा बाप गेला, वही जळली, आणि दहा वर्षांचा मुलगा टीचर येईल आणि आईला समजावेल म्हणून वाट बघत होता. आणि मी तोवर त्याचा धडा बनवत होते.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर घेऊन दुकानात गेले. तिथं कात्री मागितली. त्यांनी विचारलं नाही, दोरे कापायची छोटी कात्री काढून दिली. मी आळशी शब्दाचं पान उघडलं आणि त्यांचं नाव कापून काढलं. त्यांच्यासारखी सफाई मला कुठली, वेडंवाकडं कापलं गेलं आणि मागच्या पानावरचं कोणाचं तरी अर्धं नाव त्याबरोबर गेलं. तो तुकडा मी मशिनाखालच्या चिंध्यांत टाकला. वर्गात मुलांना सांगितलं की ती गोष्ट खोटी होती, मला माहीत नसताना सांगितली. मुलांना काही फरक पडला नाही. त्यांनी विचारलं, मग लेझी कोण? मी म्हणाले, मी. चौकशीला दोन गल्ल्या न चालणारी. तो गटही चांगला बसला.

त्यानंतरच्या रविवारीही सुंदरराव बसमध्ये आले. नसते आले तर मी काय केलं असतं ठाऊक नाही. ते आले, मागच्या सीटवर बसले, आणि त्या दिवसापासून कानात बोटं घातली नाहीत. पोंगलपर्यंत मी ड्रायव्हरसमोरच्या आरशात बघत होते, रुक्कूबरोबर त्यांचे ओठ हलायचे. आवाज नाही, फक्त ओठ. डेडचा गट रुक्कूनं सगळ्यात शेवटी ठेवला होता. तो म्हणायच्या दिवशी तिनं मागं वळून बापाकडं बघितलं. ते म्हणाले, म्हण. ती चार वेळा म्हणाली. बस चालू राहिली. कंडक्टरनं शिट्टी मारली, लोक चढले, उतरले. तिरुवैयारूला सुंदररावांनी त्या दिवशी दोन कॉफ्या प्यायल्या.

परीक्षेच्या दिवशी फाटकाशी रुक्कूला एक शंका आली. ही पण इमारतच आहे. इथं वास्तुपुरुष असेल तर? मी उत्तर शोधत होते तेवढ्यात घंटा झाली आणि ती आत गेली. ते दोन तास मी आणि सुंदरराव समोरच्या चहाच्या टपरीवर उभे होतो आणि दोघंही त्याच एका गोष्टीचा विचार करत होतो, की पोरगी पुन्हा अर्धा पेपर कोरा ठेवून येते की काय.

ती बाहेर आली. मी विचारलं, "वाईट शब्द आले होते?"

"पुष्कळ."

"मग?"

"मनातल्या मनात बसमध्ये जाऊन बसले. मग केल्या खुणा."

तिचं नाव यादीत लागलं. जूनमध्ये बाप तिला डोंगरात सोडून आला. मी पुढच्या वर्षी वर्ग बंद केला. दिवेलागणीचा नियम तर त्याआधीच काढला होता. लोक म्हणाले, टीचर दमल्या. म्हणू देत.

ती गेल्यावर दोनेक महिन्यांनी एका रविवारी मी दुकानात गेले होते. ब्लाउज शिवायला टाकायचं निमित्त होतं. रविवारी शाळेत मुलांना घरी फोन करू देतात. फोन आला तेव्हा सुंदरराव मशिनावर होते. त्यांनी तो माझ्यासाठी मोठ्या आवाजावर ठेवला. रुक्कू भरभर बोलत होती, थंडी, इडली चांगली नाही, इंग्रजीत पहिली आली. मग तिनं विचारलं, "अप्पा, तुम्ही कसे हांत?"

"बेस हाव," सुंदरराव म्हणाले. "अगदी बेस. तू नीट जेव."

फोन त्यांनी मशिनावर ठेवला. दोरीवर शाळेचे कपडे होते, मागच्या खोलीत एक ताट पालथं घातलेलं होतं. मग ते उठले, चप्पल पायात घातली आणि रस्त्यावर गेले. मी मागोमाग गेले. स्कूटरींच्या पलीकडे, उंबरा दिसत नाही त्याच जागी ते उभे होते.

"लोन्ली," ते म्हणाले. "सॉलिटरी. फॉर्सेकन. डेसोलेट."

माझ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत म्हणत होते. एकदा म्हणून झालं, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. माझ्या नियमाप्रमाणं चार वेळा. उच्चार एकही चुकला नाही. मी तिथंच उभी राहिले. या वेळी मला दोन गल्ल्याही चालायच्या नव्हत्या.

"बरोबर आहे, सुंदर," मी म्हणाले. "चारही बरोबर."

त्यांनी मान हलवली, दारातल्या पायपुसण्याला पाय पुसले आणि आत जाऊन मशिनावर बसले.